मॅक्स यॅसगरच्या कुरणात

जायच्या आधीच सांगून ठेवतो: गाडीच्या नकाशात 'वुडस्टॉक' टाकलंत तर भलत्याच डोंगरात पोचाल. १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवाला आलेली चार लाखांवर पोरंपोरी ज्या उतारावर चिखलात बसून गाणी ऐकत होती, तो उतार बेथेल नावाच्या गावात आहे. न्यूयॉर्क राज्य, सलिव्हन काउंटी. वुडस्टॉक गाव तिथून ईशान्येला, गाडीने दीड तास. नकाशात 'बेथेल वुड्स' टाका, म्हणजे थेट कुरणाशी उतराल.

आम्ही तिघं होतो: मामा, मामी आणि मी. मामा-मामी न्यू जर्सीत एडिसनला राहतात. मी कंपनीच्या कामासाठी पुण्याहून गेलो होतो, काम आटोपल्यावर थोडी रजा जोडून घेतली. मामा म्हणजे भीमसेन, किशोरीताई आणि मूड असेल तर वसंतराव. त्यापलीकडचं सगळं त्याच्या लेखी 'बडवाबडवी'. तो आपणहून येतो म्हणाला याचं मला नवल वाटलं. गाडीत उलगडा झाला. मामा अमेरिकेत उतरला सप्टेंबर १९६९मध्ये, एम. एस. करायला. त्या काळात परदेशी जाणाऱ्याच्या हातावर सरकार ८ डॉलर टेकवायचं.

"आणि वुडस्टॉकचं तीन दिवसांचं तिकीट १८ डॉलर," मामा म्हणाला. "म्हणजे महिनाभर आधी आलो असतो तरी दारातूनच परत."

"दार नव्हतंच मामा. कुंपण पुरं व्हायच्या आतच माणसं आत शिरली. शेवटी कार्यक्रम फुकट आहे असं जाहीर केलं त्यांनी."

"फुकट?" मामाने गाडीचा वेग कमी केला. "इतकी वर्षं इथे राहतोय, हे मला कोणी सांगितलं नाही."

शुक्रवार: १७बी

हॅरिमनला १७ नंबरचा रस्ता पकडायचा, माँटिसेलोला उतरून १७बी. चहाचा एक थांबा धरून अडीच तास. मामीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी घेतली होती, त्यांनी निम्म्या वाटेपर्यंतच साथ दिली.

१७बी हा साधा दुपदरी रस्ता आहे. दोन्हीकडे झाडी, मधूनच मक्याचं शेत, रंग उडालेली एखादी लाकडी वखार. १५ ऑगस्ट १९६९ला, शुक्रवारीच, हा रस्ता असा तुंबला की लोकांनी गाड्या कडेला सोडल्या आणि चालायला सुरुवात केली. आयोजकांनी गावकऱ्यांना सांगितलं होतं, ५० हजार माणसं येतील. आगाऊ तिकिटंच १ लाख ८६ हजार खपली होती. कलाकारांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. ज्यांनी सुरुवात करायची ते अडकले होते, म्हणून जो हाताशी होता त्या रिची हेवन्स या गायकाला पाचच्या सुमारास मंचावर ढकललं. त्याचं गाणं संपलं की म्हणायचे, पुढचा अजून आला नाही, आणखी गा. जवळचं सगळं संपल्यावर त्याने एका जुन्या आध्यात्मिक लोकगीताचा धागा धरला आणि 'फ्रीडम' हा एकच शब्द घोळवत जागेवर नवीन गाणं उभं केलं. मी हे सांगितल्यावर मामा थोडा नरमला. "उपज आहे म्हणजे माणसात," म्हणाला.

या सगळ्यामागचे चौघे म्हणजे मायकेल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जोएल रोझेनमन आणि जॉन रॉबर्ट्स. एकानेही तिशी गाठलेली नव्हती. पैसा रॉबर्ट्सचा, तोही आजोळकडचा; त्यांचा कवळीच्या औषधांचा मोठा धंदा होता. (मामाला नुकतीच कवळी बसली आहे, त्यामुळे या माहितीवर तो बराच वेळ खूश होता.) लँग वुडस्टॉक गावात राहायचा आणि तिथे एक रेकॉर्डिंग स्टुडिओ काढायचा बेत होता, म्हणून कंपनीचं नाव वुडस्टॉक व्हेंचर्स. त्या गावाजवळ एवढी मोठी जागा मिळेना, तेव्हा वॉलकिल गावातली एक औद्योगिक जमीन ठरवली. कामं सुरू झाली, जाहिराती गेल्या. आणि १५ जुलैला, बरोबर महिना उरलेला असताना, वॉलकिलने परवानगी नाकारली. कारण दिलं फिरत्या संडासांचं: नियमात बसत नाहीत. लांब केसांची पोरं दारात नको होती, हे उघड गुपित.

मग व्हाइट लेकच्या काठी डबघाईला आलेलं मोटेल चालवणाऱ्या एलियट टायबरने त्यांना बोलावलं. त्याच्याकडे छोट्या कलामहोत्सवाचा परवाना होता. त्याची स्वतःची जमीन दलदलीची निघाली, पण गाडी बेथेलमध्ये आली ती आलीच, आणि तिथून मॅक्स यॅसगर नावाच्या दूधवाल्याच्या कुरणापर्यंत पोचली.

टायबरचं मोटेल डबघाईला का आलं होतं हे रस्त्यावरून जाताना कळतं. हा कॅटस्किल डोंगरांचा पायथा. एके काळी न्यूयॉर्क शहरातली ज्यू कुटुंबं उन्हाळाभर इथे येऊन राहायची. ग्रॉसिंगर्स, काँकर्ड अशी शेकडो खोल्यांची हॉटेलं होती. विमानप्रवास स्वस्त झाला, घरोघर वातानुकूलन आलं, आणि माणसं येईनाशी झाली. आता झाडीत गिळलेल्या कमानी दिसतात, आणि माँटिसेलोजवळ एक चकचकीत कसिनो.

आम्ही कौनियोंगा तळ्याजवळ खोल्या घेतल्या होत्या. संध्याकाळी मामी रस्त्याकडेच्या टपरीवरून मक्याची कणसं घेऊन आली. टपरीवर माणूस नाही. कणसांचा ढीग, पुठ्ठ्यावर लिहिलेला भाव आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. या भागात फिरायचं तर सुट्ट्या नोटा जवळ ठेवाच. घरमालकीण बाईंच्या शेगडीवर कणसं भाजून मीठ, लिंबू आणि मामीच्या डबीतली कोल्हापुरी चटणी लावली. बाईंनी एक चावा घेतला, गप्प बसल्या, पाणी प्यायल्या, आणि दुसरं कणीस मागितलं. त्या सत्तरच्या दशकात लग्न होऊन इथे आलेल्या. सासूबाईंच्या अंगणात दोन रात्री अनोळखी पोरं झोपली होती म्हणे. सासूबाई आयुष्यभर एकच तक्रार करत राहिल्या, की जाताना त्यांनी पांघरुणं इतकी नीट घडी करून ठेवली की त्यांच्या स्वतःच्या मुलांनी तसं कधी केलं नाही.

शनिवार: उतार

सकाळी ढग होते. डायनरमध्ये अंडी, राय ब्रेड आणि बटाट्याची खमंग परतलेली भाजी. या भागात राय ब्रेड चुकवू नका.

बेथेल वुड्सचं सगळं आवार आज एका संस्थेचं आहे. केबल टीव्हीच्या धंद्यात मोठे झालेले याच भागातले अ‍ॅलन गेरी यांनी १९९६ मध्ये ही जमीन घेतली. २००६ मध्ये १५ हजार माणसं मावतील असं खुलं प्रेक्षागृह उघडलं, २००८ मध्ये संग्रहालय. मूळ कुरणावर मात्र काही बांधलं नाही, यासाठी त्यांना मानलं पाहिजे. २०१७ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेलं. संग्रहालयाला तिकीट आहे, हिवाळ्यात ते बंद असतं, तारखा बघून जा. कुरणाच्या कोपऱ्यावरच्या स्मारकाशी जायला पैसे पडत नाहीत. प्रेक्षागृहात कार्यक्रम असेल त्या दिवशी दुपारनंतर १७बीवर रांग लागते, तेव्हा सकाळीच उरका.

संग्रहालयात पहिला अर्धा भाग साठचं दशक आहे: केनेडी, नागरी हक्कांचे मोर्चे, व्हिएतनाम. मग रंगवलेली बस, पडद्यांवर गर्दी, मोठ्ठ्या आवाजात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स. उत्तम केलंय, पण जरा जास्तच स्वच्छ वाटलं मला. ज्या तीन दिवसांत चार लाखांना सुमारे ६०० संडास होते, ते वातानुकूलित खोलीत दाखवायचं म्हणजे अवघडच.

दाराशी स्वयंसेवक म्हणून उभे असलेले आजोबा नसते तर मी तासाभरात बाहेर पडलो असतो. रंगीबेरंगी जाकीट, कानात यंत्र. त्या वेळी ते अकरा वर्षांचे होते, तळ्याच्या पलीकडे घर. मी विचारणार होतो की त्यांनी कोणाकोणाला ऐकलं. त्याआधीच मामीने तिचा प्रश्न टाकला. मामीच्या माहेरी गोठा, दहा-बारा म्हशी.

"त्या तीन दिवसांत गाईंच्या धारा कोणी काढल्या?"

मी भाषांतर केलं. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, इतकी वर्षं इथे उभा आहे, सगळे हेंड्रिक्सचं विचारतात. गाईंना गर्दी कळत नाही, त्यांची वेळ झाली की झाली. धारा नेहमीसारख्या निघाल्या. पण रस्ते बंद, दूध न्यायची गाडी येऊ शकत नाही, आसपासच्या शेतकऱ्यांचं दूध ओतून द्यावं लागलं. पुढे काही शेजाऱ्यांनी यॅसगरवर नुकसानभरपाईचे दावे लावले.

मग त्यांनी यॅसगरचं सांगायला सुरुवात केली आणि आम्ही तिथेच बाकावर बसलो.

मॅक्स यॅसगर ४९ वर्षांचा होता, हृदयाचा रुग्ण. काउंटीतल्या मोठ्या दूध उत्पादकांपैकी एक. मतदान रिपब्लिकन पक्षाला, व्हिएतनामच्या युद्धाला पाठिंबा. हिप्पींशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्या वर्षी पावसाने चारा बिघडला होता, भाड्याचे पैसे हवे होते, इतका साधा हिशोब. बातमी फुटल्यावर गावात फलक लागले: मॅक्सचा हिप्पी महोत्सव थांबवा, त्याचं दूध घेऊ नका. झालं, माणूस हट्टाला पेटला. आता तर देणारच म्हणाला. पोरांचे केस आणि कपडे मलाही आवडत नाहीत, पण तेवढ्यावरून त्यांना हाकलता येत नाही, अशी त्याची भूमिका होती.

गर्दी लोटल्यावर काही लोक पोरांना पाणी विकू लागले. यॅसगर भडकला. पाण्याचे पैसे कोणी कसे मागू शकतं? त्याने रस्त्यावरच्या आपल्या गोठ्यावर फलक लावला: पाणी फुकट. आजोबांच्या आईने अंगणातल्या नळाला रबरी पाइप लावून फाटकाबाहेर सोडला आणि घरातली होती नव्हती ती अंडी उकडली. अकरा वर्षांच्या त्या मुलाचं काम अंडी सोलायचं. "हेंड्रिक्स सोमवारी सकाळी वाजवत होता तेव्हा मी झोपलो होतो," ते म्हणाले. "माझी बोटं दुखत होती."

वुडस्टॉकचा इतिहास म्हटलं की वादकांची यादी येते. ती यादी मोठी आहेच, ३२ नावं. पण शुक्रवारी रात्री खाण्याचे गाळे रिकामे झाल्यावर ते तीन दिवस तगले कशावर, हे पाहिलं तर यादी वेगळी होते. माँटिसेलोच्या ज्यू केंद्रातल्या बायकांनी हजारोंनी सँडविच करून पाठवली. शनिवारी रात्री एक-दोन बड्या बँडचे व्यवस्थापक अडून बसले, की पैसे हातात पडल्याशिवाय मंचावर चढणार नाही; तेव्हा गावातल्या बँकेच्या व्यवस्थापकाला रात्री उठवून चेक आणले, नाहीतर त्या गर्दीचं काय झालं असतं कोण जाणे. न्यू मेक्सिकोहून विमानाने आलेली हॉग फार्म नावाची मंडळी तर बंदोबस्तासाठी नेमलेली होती. त्यांनी भात-भाज्यांची पातेली चढवली, ज्यांना नशेचा त्रास झाला त्यांना तंबूत धरून बसली, आणि रविवारी सकाळी कागदी पेल्यांतून भाजलेल्या ओटचा नाश्ता माणसामाणसाला पोचवला. त्यांचा म्होरक्या ह्यू रॉमनी मंचावरून म्हणाला, चार लाख लोकांना अंथरुणात नाश्ता द्यायचा विचार आहे. राज्यपाल रॉकफेलर सैन्य पाठवायच्या विचारात होते, रॉबर्ट्सने त्यांना कसंबसं थोपवलं. सगळंच गोड नव्हतं. एक तरुण अमली पदार्थांनी गेला, आणि झोपण्याच्या पिशवीत असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलावरून ट्रॅक्टर गेला.

रविवारी यॅसगर स्वतः मंचावर आला. मी शेतकरी, वीस माणसांसमोर बोलायची सवय नाही, अशी सुरुवात करून त्याने पोरांना शाबासकी दिली: पाच लाख पोरं एकत्र येऊन तीन दिवस फक्त मजा आणि संगीत करू शकतात हे तुम्ही जगाला दाखवलंत. पुढच्या वर्षी मात्र त्याने जागा द्यायला साफ नकार दिला. १९७१ मध्ये शेती विकली, आणि १९७३ मध्ये ५३व्या वर्षी गेला.

"गोठेवालाच खरा," मामीने निकाल दिला.

बाहेर पडून उतारावर गेलो. फोटोंत हे कुरण अफाट वाटतं. प्रत्यक्षात ते तसं बेताचं आहे, पण उतार चांगलाच तीव्र, तिन्ही बाजूंनी वाटीसारखा खाली जाणारा, आणि तळाशी मंचाची जागा. तिथे उभा राहून बोललं तरी वर ऐकू येतं. गवत कापून शांततेचं भलंमोठं चिन्ह काढलेलं. मंच नेमका कुठे होता याबद्दल वाद होते. २०१८ मध्ये बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून जागा नक्की केली. मोहेंजोदडोसारखं ४९ वर्षांपूर्वीच्या गाण्यांचं उत्खनन! खालच्या कोपऱ्यावर एक मेपल होता, त्याच्या खोडावर पोरं एकमेकांना निरोप लिहून लावायची. मोबाइल नसलेल्या चार लाखांत हरवलेला मित्र शोधायचा तो एकच मार्ग. झाड पोखरलं होतं, २०२४ मध्ये पाडलं.

एक महत्त्वाचं: गवतात जाताना पायमोजे ओढून घ्या, लांब विजार घाला, आणि संध्याकाळी अंग तपासा. या भागात हरणांवरच्या गोचिडी आहेत, त्यांच्यापासून लाइम रोग होतो. सँडल घालून रोमँटिकपणे गवतात लोळायचे दिवस गेले.

रस्त्यापलीकडच्या झाडीत बिंडी बाजाराच्या पायवाटा पुन्हा मोकळ्या केल्या आहेत. हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांचा तो बाजार होता. आम्ही त्या झाडीत असताना आभाळ फुटलं. कॅटस्किलचा ऑगस्टमधला पाऊस आपल्या वळवासारखा येतो: आधी वारा, मग गडगडाट, आणि मोजून पाच मिनिटांत चिंब. धावत जाऊन एका छपराखाली उभे राहिलो. समोर उतारावरून पाण्याचे लोट वाहायला लागले आणि वाटेचा बघता बघता राडा झाला. संग्रहालयात जे नव्हतं ते मिळालं.

"रविशंकर पावसातच वाजवत होते ना?" मामाने विचारलं.

हो. शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास. हेवन्सनंतर ऋषिकेशच्या शिवानंदांचे शिष्य स्वामी सच्चिदानंद यांनी 'हरि ओम'चा गजर करवला होता, आणि अंधार पडल्यावर रविशंकर बसले. साथीला मुंबईचे उस्ताद अल्लारखाँ. मामाने फोनवर शोधायला घेतलं. रेंज येत-जात होती. मग एकदम म्हणाला, "अगं, तंबोऱ्यावर कोण होतं माहितेय? माया कुलकर्णी."

"कुलकर्णी?" मामी.

"कुलकर्णी! वुडस्टॉकला!"

आता मामाचा सूर बदलला. महोत्सवात आपलं माणूस निघाल्यावर तो आपोआप अभिजात झाला. पहिला राग पूरिया धनाश्री, हे वाचल्यावर मात्र तो अस्वस्थ झाला. संधिप्रकाशाचा राग, रात्री दहाला? मी म्हणालो, रस्ते तुंबले होते, सगळ्यांचीच वेळ चुकली होती. त्याला हे कारण पटलं नाही. रविशंकरांना स्वतःलाही तो अनुभव रुचला नव्हता. चिखलात लडबडलेला समुदाय बघून आपल्याकडच्या चिखलात बसलेल्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं. मामीला विचाराल तर यात म्हशींचा अपमान आहे.

संध्याकाळी खोलीवर मी मामाला शनिवारच्या गायकांचा आणि बँडचा क्रम वाचून दाखवला. सांताना दुपारी, तेव्हा त्यांची पहिली तबकडीही बाजारात आली नव्हती. पावसाने केबलींवरची माती धुऊन गेली, ग्रेटफुल डेडला वाजवताना विजेचे झटके बसले. जॅनिस जॉप्लिन मध्यरात्रीनंतर, द हू पहाटे पाचला, जेफरसन एअरप्लेन सकाळी आठला. मामाने सवाई गंधर्वच्या रात्रभराच्या बैठका तरुणपणी केलेल्या. "पहाटे पाचला श्रोते जागे होते?" एवढंच विचारलं. बरेच झोपले होते, मी म्हणालो. "मग आपल्यासारखेच."

रविवार: नावाचं गाव

बेथेलहून वुडस्टॉकचा रस्ता डोंगरातून जातो. घाई करू नका, सफरचंदाच्या सायडरचे गरम डोनट जिथे दिसतील तिथे थांबा. बाहेरून कुरकुरीत, आत दालचिनी.

वुडस्टॉक देखणं गाव आहे आणि त्याला ते माहीत आहे. टिंकर स्ट्रीटवर दुकानापाठोपाठ दुकान: रंगीत बांधणीचे टी-शर्ट, उदबत्त्या, घंटा. महोत्सव इथे झाला नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. एका दुकानात विचारलं, तर दुकानदारीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही विचारल्याशिवाय सांगत नाही."

पण गावाला स्वतःची ऐट आहे. १९०२ मध्ये इथे बर्डक्लिफ ही कलावंतांची वसाहत सुरू झाली, तेव्हापासून चित्रकार आणि गवई येत राहिले. गायक बॉब डिलन साठच्या दशकात इथे राहायचा. १९६६चा मोटारसायकलचा अपघात इथलाच. त्याच्या साथीच्या मंडळींनी शेजारच्या सॉगर्टीजमध्ये गुलाबी घर भाड्याने घेऊन तळघरात गाणी केली, आणि पुढे 'द बँड' म्हणून बेथेलला वाजवलं. डिलन स्वतः आला नाही. तो त्याच महिन्याच्या अखेरीला इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटला गायला.

गावाच्या हिरवळीवर उन्हाळ्यात रविवारी ढोल-ताशांचा अड्डा जमतो. जेंबे, डफ, एकाकडे चक्क प्लास्टिकची बादली. मामा दहा मिनिटं उभा राहून मात्रा मोजत होता. मग मान हलवत परत आला: "सम सापडत नाही. पण मजेत आहेत."

जेवायला बसलो तिथे शेजारच्या टेबलावर पन्नाशीचं जोडपं होतं. ते १९९४ला महोत्सवाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सॉगर्टीजला गेले होते. पाऊस, चिखल, धमाल. त्या जोरावर १९९९ला रोमलाही गेले. हे न्यूयॉर्क राज्यातलं रोम, हवाई दलाचा जुना तळ. जुलैचं ऊन, डांबर आणि काँक्रीट, सावली नाही, आणि पाण्याची बाटली ४ डॉलरला. शेवटच्या रात्री लोकांनी जाळपोळ केली. "आम्ही आधीच निघालो होतो," नवरा म्हणाला, "पाण्याला पैसे उरले नव्हते म्हणून." मामीने माझ्याकडे बघितलं. यॅसगरचा फलक तिच्याही डोक्यात होता. २०१९चा पन्नासावा तर झालाच नाही, पैशांच्या आणि जागेच्या भांडणात रद्द झाला. पहिल्या वेळी आयोजकांना तेरा-चौदा लाख डॉलरचं कर्ज झालं होतं आणि चित्रपट व तबकड्यांच्या उत्पन्नातून ते फिटायला दहाएक वर्षं लागली. पुढचे सगळे वुडस्टॉक आधी नफ्याचा कागद करून निघाले होते.

सोमवार: जिथे नाही म्हणाले

रात्र किंग्स्टनला काढून सकाळी परत. वाट वाकडी करून वॉलकिलला जाऊया असा माझा हट्ट होता. मामीच्या मते हा फुकटचा फेरा. मामा माझ्या बाजूने होता, कारण संडासांचं कारण देऊन इतिहास हाकलणारं गाव त्याला बघायचं होतं.

जपून: वॉलकिल नावाच्या दोन जागा आहेत. अल्स्टर काउंटीतली वस्ती वेगळी. आपल्याला हवं ते ऑरेंज काउंटीतलं, मिडलटाउनला लागून. तिथे गेल्यावर बघायला काही नाही हेही सांगतो. मोठमोठी दुकानं, गोदामं, वाहनतळ, १७ नंबरच्या रस्त्याचा आवाज. हेंड्रिक्स याच सुमाराला, सोमवारी सकाळी नऊच्या आसपास, उरलेल्या तीस-चाळीस हजार लोकांसमोर अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर पिंजत होता. ते इथे व्हायचं होतं.

पेट्रोल भरायला थांबलो. मामाने गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं, वुडस्टॉक महोत्सव इथे होणार होता, माहितेय का? मुलाने सहानुभूतीने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, वुडस्टॉक वर आहे. तासाभराचा रस्ता." मामा म्हणाला, नाही, तिथेही नाही, तो बेथेलला झाला. मुलगा म्हणाला, मग इथे का विचारताय? मामाने चष्मा पुसला, काउंटरवर कोपर टेकलं आणि १५ जुलै १९६९पासून सुरुवात केली. फिरते संडास, यॅसगर, दुधावरचा बहिष्कार. कुलकर्णींवर आला तेव्हा मागे पाच-सहा माणसांची रांग झाली होती आणि बाहेर मामी हॉर्न वाजवत होती.